वरचा रुपया

मारोतराव घोरमाडेला या सगळ्या भानगडीतून मिळायचे होते सदतीस हजार चारशे रुपये, आणि तेही त्याचेच. त्यावर व्याज नव्हतं, नफा नव्हता. वरकड म्हणावं तर एवढंच, की देवळाच्या भिंतीवर खजिनदार म्हणून त्याचं नाव निळ्या रंगात होतं, ते तसंच राहणार होतं. आपलेच पैसे आपल्याला परत मिळाले तर बेलसरीत त्याला फायदा झाला म्हणतात. आमच्या गावाचा हिशेब असा आहे. ज्याला पटत नाही तो नागपूरला राहायला जातो.

पैसे गेले ते पाण्यात. एप्रिलमध्ये नळयोजनेची विहीर गाळावर आली आणि बायका रिकामे गुंड, म्हणजे पाण्याच्या घागरी, घेऊन देवळासमोर बसल्या. मारोती देवस्थान ट्रस्टचे अध्यक्ष भैयाजी पांढरे कपडे घालून आले. ट्रस्ट गावाला टँकर पाजेल, वर्गणी जमवू, असं त्यांनी जाहीर केलं. नोकरीवर गेलेली पोरं बाहेरून पैसे पाठवतील याची त्यांना खात्री होती, कारण ट्रस्टला नुकताच नवा नंबर मिळाला होता. त्या नंबरावर दान दिलं की पगारदाराचा टॅक्स कमी होतो. कागदावर त्याला ‘एटी-जी’ म्हणत. गावानं त्याचं ‘अस्सीजी’ केलं. भैयाजी, तसे अस्सीजी. दोघांनाही सारखाच मान, आणि दोघं नेमकं काय करतात ते कोणालाच ठाऊक नाही.

वर्गणी येईपर्यंत तहान थांबणार नव्हती.

“मारोतराव, तुम्ही घाला,” भैयाजी म्हणाले. “आठ दिवसांत ट्रस्टमधून उचलून घ्या. तुम्ही खजिनदार, तुमाले कोण रोकते?”

मारोतरावकडे कापसाचे पैसे होते. त्यानं घातले. धम्मदीपच्या ट्रॅक्टर-टँकरच्या चोवीस खेपा, बाराशे रुपयांप्रमाणे अठ्ठावीस हजार आठशे. दोन काळ्या टाक्या आणि तोट्या, आठ हजार सहाशे. पुढे वर्गणी आली, भरपूर आली, ट्रस्टच्या खात्यात जाऊन बसली. आणि बसूनच राहिली.

मे उजाडला आणि मारोतरावच्या संत्र्याच्या विहिरीतली मोटर जळाली.

मोटर नरखेडला वायंडिंगवाल्याकडे गेली. त्यानं अकरा हजार सांगितले, आणि पैसे आधी. त्याच्या दुकानात ‘उधार मागून लाजवू नका’ अशी पाटी नव्हती. त्याचं तोंडच तसं होतं. मारोतराव रिकाम्या फटफटीवर परत आला.

वावरात शोभाताई, मारोतरावची बायको, शेजारच्या विहिरीवरून भरलेला ड्रम बैलगाडीतून उतरवून झाडांना पाणी घालत होती. एका झाडाला एक गुंड. आळ्यात पाणी पडलं की जमीन सुरकन आवाज करी आणि पुन्हा कोरडी. संत्र्याची पानं दुपारी दोन्ही बाजूंनी मिटायची, हात जोडल्यासारखी. शोभाताईच्या तळहाताला दोराचा वळ पडला होता. त्यावर तिनं चिंधी बांधली होती, आणि चिंधीही आता ओली राहत नव्हती.

“गावाले पाणी पाजलं तुम्ही,” ती म्हणाली. “आता झाडं विचारून राहिले, आमचा नंबर कवा?”

“भेटते ना पैसे. नुसते कागद द्याचे आहेत नागपूरच्या सदरले. हिशेबवाल्या ऑफिसात.”

“अन् कागद आहेत का तुमच्यापाशी?”

मारोतरावनं डोक्याचा दुपट्टा सोडला, झटकला, पुन्हा बांधला. उत्तर नसलं की तो दुपट्टा बांधायचा. त्या महिन्यात त्यानं तो फार वेळा बांधला.

“नवतपा तोंडावर आला,” शोभाताई म्हणाली. “त्या नऊ दिवसांच्या उन्हात मोटर नसन, तं मंग सरपणच मोजाचं आपण.”

दुसऱ्या दिवशी मारोतराव एसटीनं नागपूरला निघाला. मांडीवर पायजम्याच्या कापडाची पिशवी, तिच्यात पावतीबुकं. सीताबर्डीला उतरला तेव्हा डांबर चपलेला चिकटत होतं. ऑटोवाल्यानं सदरचे दीडशे सांगितले. मारोतरावनं ऐंशीत पाडले आणि उतरताना त्याला पावती मागितली. ऑटोवाल्यानं त्याच्याकडे असं पाहिलं, की मारोतरावला स्वतःचीच लाज वाटली.

ऑफिसात गारवा होता. त्या गारव्यात अंगावरचा घाम वाळून त्याचं मीठ झालं. ट्रस्टचा हिशेब वैभवी नावाची मुलगी पाहायची. पंचविशीतली, कानात बारीक कुडी, बोलायला गोड, आणि नजर अशी की कागद आपोआप सरळ व्हावा.

“काका, टँकरच्या पावत्या?”

“त्याच्या पावत्या कायच्या, ताई? गावचाच पोरगा आहे धम्मदीप. मी पैसे देल्ले, त्यानं घेतले. सगळं गाव पाहून राहिलं होतं.”

“गावाला कसं जोडू फाइलला?” वैभवी म्हणाली. “त्याची सही लागेल. व्हाउचर देते मी. पाच हजारांच्या वर रक्कम आहे, तर एक रुपयाचं तिकीट लावून त्यावर सही. आणि टाक्यांचं बिल?”

मारोतरावनं एक चिठ्ठी काढली. बिडीबंडलाच्या कागदामागे पेनानं लिहिलेलं : २ टाकी, तोटी, ८६००.

“हे कच्चं आहे.”

“कच्चं घेतलं म्हणून तं स्वस्तात भेटलं. ट्रस्टचेच पैसे वाचवले मी.”

“वाचवले, पण दाखवता येत नाहीत.” तिनं चिठ्ठी दोन बोटांनी परत सरकवली आणि देणग्यांचं पावतीबुक उघडलं. एक पान, दुसरं, तिसरं. मग तिनं कॉम्प्युटरकडे पाहिलं, पुन्हा बुकाकडे.

“काका, बँकेत पाचशे आलेत. पावती पाचशे एकची आहे.”

“हाव.”

“इथे हजार आलेत. पावती एक हजार एक.”

“हाव ना.”

“सगळ्याच अशा आहेत. मोबाइलवरून आलेल्या एक्केचाळीस पावत्या, आणि बँकेत एक्केचाळीस रुपये कमी. हे काहून केलं?”

इतका वेळ नीट बोलणारी मुलगी ‘काहून’ म्हणाली, तेव्हा मारोतरावला जरा धीर आला.

“ताई, देवाची पावती शुन्यावर नाही थांबत. शुन्य म्हंजे संपलं. वरचा रुपया म्हंजे पुढच्या दानाचं बी. माह्या बापानं अशाच फाडल्या, त्याच्या बापानं अशाच फाडल्या. पोट्ट्याइले मोबाइलवर कळत नाही, गोल आकडा पाठवतेत. मंग वरचा रुपया मी टाकला. खोटं नाही लिहिलं. माह्या खिशातून पेटीत टाकला, दर पावतीमागं.”

“पेटीत?”

“दानपेटीत. मारोतीपुढे.”

वैभवीनं कपाळ चोळलं. पेटीचा हिशेब वेगळा, बँकेचा वेगळा, आणि ज्यानं पाचशे दिले त्याला पाचशे एकची सूट मिळत नाही, हे तिनं दोनदा समजावलं. शेवटी म्हणाली, “एक्केचाळीस रुपये बँकेत भरा. मी जुळवून घेते. पण यापुढे जेवढे आले तेवढ्याचीच पावती. वरचा रुपया लिहायचा नाही. शप्पथ?”

“अन् त्या व्हाउचरवर जे एक रुपयाचं तिकीट लावाचं म्हणता?”

“ते सरकारचं असते.”

“म्हंजे सरकारचा वरचा रुपया चालते, देवाचाच चालत नाही.”

वैभवी हसली, पण कागद मात्र एकही सोडला नाही. मारोतरावनं बँकेत एक्केचाळीस रुपये भरले. पेटीत एकदा आणि बँकेत एकदा, एकाच पुण्याचे दोनदा पैसे गेले. परतीच्या एसटीत त्याला खिडकीजवळ जागा मिळाली, पण खिडकीतून येणारी हवा भट्टीतली होती. तो काटोलपर्यंत सारखा उठत-बसत राहिला. शेजारचा म्हातारा शेवटी म्हणाला, “बावा, मूळव्याध आहे का?”

“नाही. ट्रस्ट आहे,” मारोतराव म्हणाला.

टाक्यांचं पक्कं बिल मिळालं, फुकट नाही. नरखेडच्या दुकानदारानं त्याला आधी तासभर पोत्यावर बसवून ठेवलं, मग अठरा टक्के टॅक्सचे पंधराशे अठ्ठेचाळीस मागितले. “तवा तुम्हीच म्हटलं, पक्कं नोको. म्हटलं का नाही? सगळ्या गिऱ्हाइकाइसमोर म्हटलं.” मारोतरावनं मान हलवली, कारण म्हटलं होतं. शोभाताईनं बचतगटातून पैसे काढून दिले. देताना नोटा त्याच्या हातात न देता चुलीच्या ओट्यावर ठेवल्या. मारोतरावनं त्या उचलल्या. आता बिल दहा हजार एकशे अठ्ठेचाळीसचं झालं. ते सदरला पोचलं, वैभवीनं ‘चालेल’ म्हटलं, पण चेकवर दुसरी सही भैयाजींची लागणार होती, आणि भैयाजी लग्नसराईत होते. ते रोज एका मांडवात सापडत आणि रोज म्हणत, “उद्या घरी या.”

राहिला धम्मदीप.

धम्मदीपचं घर विहाराच्या बाजूला, गावाच्या उतारावर. तो टँकरखाली पालथा पडून गळका वॉल्व्ह आवळत होता. त्याची आजी बायजाबाई निंबाखाली बाजेवर बसून सुपारी कातरत होती. मारोतरावला पाहून ती म्हणाली, “बसा गा मारोतराव. पाणी पेता का? तुमचंच आहे.”

गावात कोण कोणाला काय म्हणतं यापेक्षा कोण कधी म्हणतं ते पाहावं. मारोतराव बसला, पाणी प्यायला, आणि व्हाउचर काढलं.

“धम्मा, सही लागते बापू. चोवीस खेपाची. तुले पैसे भेटले असं लिहून.”

धम्मदीप टँकरखालून सरकत बाहेर आला. हात पुसले. कागद धरला नाही, नुसता वाचला.

“काकाजी, खेपा किती झाल्या?”

“चोवीस.”

“पंचवीस.”

मारोतरावला आठवलं. बुद्धपौर्णिमेची खेप. त्या दिवशी धम्मदीपनं पैसे घेतले नव्हते. एक खेप माह्याकडून गावाले, असं म्हणाला होता. मारोतरावनं ‘वा बापू’ म्हटलं होतं, आणि विसरला होता.

“पंचविसावी दान देल्ली मी,” धम्मदीप म्हणाला. “देवळाच्या भिंतीवर पेंटरनं नावं लिहिले ना दानवाल्याइचे? एकशे एकवाल्याचं आहे. एक्कावन्नवाल्याचं आहे. भैयाजीच्या जावयाचं दोनदा आहे. माह्या बाराशेच्या खेपेची पावती फाडली का तुम्ही?”

“अरे, ते मारोतीचं देऊळ, मले वाटलं तुले...”

“मी देवाले नाही देल्ली, गावाले देल्ली. पावतीवर मारोतीचा फोटो राहिला तरी चालते मले. नाव पायजे.” त्यानं पाना उचलला. “पावती द्या, सही घ्या. मी पावती मागून राहिलो काकाजी, भीक नाही.”

“तरी तो टँकर विहाराकडं सगळ्यात शेवटी येत होता,” बायजाबाई सुपारीकडे पाहत म्हणाली. “नातू आमचा, टँकर आमचा, अन् तळाचा गढूळही आमचाच.”

मागणी चुकीची नव्हती. मारोतरावनं तिथूनच वैभवीला फोन लावला. ती म्हणाली, खेप ही वस्तू पण नाही आणि पैसा पण नाही. तिची दानाची पावती फाडता येत नाही. पैसे आले तर फाडा. मारोतरावनं ‘बरं’ म्हटलं आणि फोन ठेवल्यावर वावरात जाऊन तीन ड्रम पाणी घातलं. खांदा दुखेपर्यंत घातलं. मग एका मिटलेल्या झाडाखाली बसल्याबसल्या त्याला युक्ती सुचली. युक्त्या त्याला अशा वेळीच सुचायच्या, ऊन डोक्यात भरल्यावर.

त्यानं बाराशे रुपये कोंबड्या विकून उभे केले. शोभाताईच्या कोंबड्या. ट्रस्टच्या खात्यात भरले, धम्मदीपच्या नावानं. आता पैसे आले होते. सदरहून मिळालेल्या नव्या बुकातली पावती काढली, वैभवीची शप्पथ आठवून सुवाच्य अक्षरात लिहिलं : धम्मदीप, बाराशे रुपये फक्त. आणि दोन गल्ल्या उतरून विहाराकडे गेला. आज सही मिळेल, उद्या सदर, परवा मोटर. चालता चालता त्यानं हे तीनदा म्हणून पाहिलं.

धम्मदीपनं पावती हातात घेतली. हसला. आजीला दाखवली. मग त्याचं हसू हळूहळू ओसरलं.

“बाराशे?”

“हाव. तुह्या खेपेचे. मी भरले, समजलं का? तुले एक पैसा नाही लागला.”

“बाराशे एक काहून नाही?”

मारोतरावनं पावतीवरचा आकडा पुन्हा वाचला.

“भिंतीवर सगळ्याइचा रुपया वर आहे, काकाजी. एकशे एक, पाचशे एक, अकराशे एक. एक्कावन्नवाल्याचाही आहे. त्या पूर्ण भिंतीवर एकही शुन्य नाही. माहाच आकडा शुन्यावर?”

“अरे, ते सदरच्या पोरीनं सांगतलं... आता नियम आहे नवा...”

“नियम माह्यापासूनच सुरू झाला?”

“तसं नाही गा...”

“बाकीच्याइले पुढच्या दानाचं बी, अन् मले संपलं म्हणता.” धम्मदीप मोठ्यानं बोलत नव्हता. “तुमच्या मनात नसन. पण पेंटरच्या ब्रशात येते ते. गाव वाचते ते.”

आणि त्यानं पावती मधून फाडली. आम्ही ‘पावती फाडली’ असं रोज म्हणतो. वर्गणीची फाडतो, दंडाची फाडतो, एकाचा दोष दुसऱ्याच्या नावावर टाकायचा असला तरी पावतीच फाडतो. पण फाडलेली पावती कोणी पुन्हा फाडलेली मारोतरावनं तेव्हाच पाहिली. दोन तुकडे निंबाखाली पडले. बायजाबाईनं सुपारी कातरणं थांबवलं.

एक रुपया खिशात होता. तो काढून तिथंच ‘घे, एक’ म्हणता आलं असतं. मारोतरावचा हात खिशापर्यंत गेलाही. पण फाडल्यानंतर वाढवलेला रुपया दानात जात नाही, तो माफीत जातो. आणि पुतण्याच्या वयाच्या पोराला माफी मागायची तर शब्द आधी जुळवावे लागतात. त्यानं दुपट्टा सोडला, पुन्हा बांधला, आणि चढ चढून घरी आला.

“झाली सही?” शोभाताईनं विचारलं.

“रुपया कमी पडला.”

“बाराशेत?”

“बाराशेच्या वर.”

ती त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिनं रिकाम्या खुराड्याकडे पाहिलं. तो नवतप्याचा पहिला दिवस होता.

नवतप्यात आमच्याकडे कुत्रीसुद्धा भुंकायचं पुढं ढकलतात. मारोतराव मात्र एका जागी ठरत नव्हता. सकाळी भैयाजींच्या दारात, दुपारी ड्रमपाशी, संध्याकाळी वायंडिंगवाल्याच्या दुकानापुढे उगाच. आपली मोटर फळीवर ठेवलेली दिसते का ते पाहायचा. दिसायची. तिच्यावर कोणीतरी चहाचा ग्लास ठेवलेला असायचा. शोभाताईनं झाडांच्या बुडाशी कापसाच्या पऱ्हाटीच्या काड्या, गवत, फाटकी पोती, जे मिळालं ते अंथरलं. पश्चिमेच्या ओळीतली झाडं आधी पिवळी झाली, मग तपकिरी. ती रोज त्या ओळीवरून चालायची आणि नखानं साल खरवडून पाहायची. हिरवं दिसलं तर पुढं. नाही दिसलं तरी पुढंच, पण पाय ओढत.

नवतपा सरत आला तेव्हा भैयाजींनी एका स्वागत-समारंभाच्या खुर्चीवर बसून चेकवर सही केली. टाक्यांचे दहा हजार एकशे अठ्ठेचाळीस आले. वर साडेआठशे घालून मोटर सुटली, विहिरीत गेली, बटण दाबलं, आणि पाणी पाटातून धावलं. शोभाताई पाटात पाय सोडून बसली. पश्चिमेची ओळ मात्र उठली नाही. चौतीस झाडं. बारा वर्षांची होती.

आता सगळी आस अठ्ठावीस हजार आठशेवर. त्यांतून नवी कलमं, बचतगट, पुढचं खत. सदरहून निरोप आला की हिशेब बंद करायचा आहे, सही असेल तर पाठवा, नसेल तर ती रक्कम खर्चात धरता येणार नाही. भैयाजींनी देवळापुढे सभा बोलावली.

संध्याकाळ होती, तरी फरशी तापलेली होती. समोर मारोती हात जोडून, त्याच्या पायाशी मारोतराव. तोही जवळजवळ तसाच. बाया एका बाजूला. कडेला ट्रॅक्टरला टेकून धम्मदीप. माइक भैयाजींच्या हातात.

“गावकरी बंधूंनो,” भैयाजी म्हणाले, “आपल्या गावानं यंदा पाण्याचं पुण्य केलं. त्यात एका माणसाचे अठ्ठावीस हजार आठशे अडकले. कागद नाही म्हणून अडकले. मी रात्रभर विचार केला.” भैयाजी रात्रभर विचार करतात तेव्हा दुसऱ्याचं काहीतरी जातं, हे गावाला माहीत आहे, पण माइकवर ते सुंदर वाटतं. “मले वाटते, मारोतरावसारख्या माणसानं मारोतीजवळ घेणं मागावं, हे त्याइलेच पटत नसन. पटते का मारोतराव?”

मारोतरावनं तोंड उघडलं. पण शब्द फुटायच्या आधीच पुढच्या रांगेतून टाळी पडली. मग दुसरी. मग सगळ्या.

“म्हणून ही रक्कम मारोतराव घोरमाडे यांच्याकडून दान! भिंतीवर सगळ्यात वर नाव! त्या सदरच्या बुकात नाही, आपल्या जुन्या बुकात फाडतो, बापजाद्याच्या. अठ्ठावीस हजार आठशे... एक!”

शाल आली. नारळ आला. भैयाजींनी पावती फाडली आणि हसत हात पुढे केला. “वरचा रुपया तेवढा द्या खजिनदार. तो तं नगद लागते.”

मारोतराव शालीत घामाघूम उभा होता. नको म्हणायला एक क्षण होता, टाळ्या सुरू व्हायच्या आधीचा. तो गेला होता.

“भैयाजी,” कडेहून आवाज आला. धम्मदीप. “जुनं बुक आहे?”

“आहे ना. कायले?”

“त्याच्यात वरचा रुपया लिहिता येते?”

“देवाचं बुक आहे बापू. येतेच.”

“मंग माही त्याच्यात काहून नाही फाडली?”

मारोतरावनं जुन्या बुकाकडे पाहिलं. ते महिनाभर त्याच्याच कापडी पिशवीत होतं. सदरला गेलं, नरखेडला गेलं, विहाराकडेही गेलं होतं.

बायांतून शोभाताई उठली. पदराची गाठ दातांनी सोडत पुढं आली. गाठीत दोन नाणी होती. तिनं ती भैयाजींच्या तळहातावर वाजवून ठेवली.

“एक यांच्या पावतीचा,” ती म्हणाली. “अन् दुसरा धम्मदीपच्या. बाराशे बँकेत आहेत त्याचे, माह्या कोंबड्याइचे. फाडा आता. बाराशे एक. अन् माइकवर वाचा.”

“वहिनी, ते...”

“वाचा.”

भैयाजींनी वाचलं. धम्मदीप पुढं आला, पावती घेतली, शेवटचा आकडा पाहिला आणि खिशात ठेवली. मग मारोतरावकडे वळला. “द्या काकाजी, ते व्हाउचर.” शालीखालून मारोतरावनं घडी पडलेला कागद काढला. तिकीट घामानं सैल झालं होतं. धम्मदीपनं ते जिभेनं ओलं करून पुन्हा दाबलं आणि त्यावर लांबलचक सही केली.

सही हातात आली. अठ्ठावीस हजार आठशेची, तिकिटासकट, पक्की.

“भैयाजी,” मारोतराव हळू म्हणाला, “आता कागद आहे.”

भैयाजींनी तो कागद त्याच्या हातातून काढून घेतला, वाचला, घडी घातली. “बहुत बढिया. हे ट्रस्टले लागन.” मग माइकवर हात ठेवून, फक्त त्याला ऐकू जाईल असं, “पण मारोतराव, टाळ्या झाल्या ना. आता टाळ्या वापस घ्याच्या का?”

आठ दिवसांनी सदरहून वैभवीचा फोन आला. बेलसरीसारखा हिशेब कोणत्याच ट्रस्टचा नाही, म्हणाली. खर्चाला व्हाउचर आहे, दानाला पावती आहे. फक्त तिच्या नव्या बुकात धम्मदीपची पावती बाराशेचीच आहे, आणि रोखीत एक रुपया जास्त निघतो आहे. “काका, मी सांगितलं होतं ना? हा कोणाचा?”

“घरचा आहे, ताई,” मारोतराव म्हणाला. “राहू द्या.”

तर मग ताळेबंद असा. धम्मदीपची एक खेप आणि तिचं डिझेल गेलं, आणि भिंतीवर एक नाव आलं, ज्याच्या शेवटी एक आहे. भैयाजींचं काही गेलं नाही. शालीचं आणि नारळाचं सीताबर्डीचं पक्कं बिल त्यांनी ट्रस्टला लावलं आणि त्याचे पैसे त्यांना त्याच आठवड्यात मिळाले. गाव पाणी प्यायलं. मारोतरावचे अठ्ठावीस हजार आठशे गेले, वर एक्केचाळीस, दोनदा. अस्सीजीनं त्याला काही दिलं नाही, कारण ज्याचा टॅक्सच नाही त्याचा कमी काय होणार. शोभाताईच्या कोंबड्या गेल्या, आणि पदरातले दोन रुपये.

चौतीस झाडं तिनं स्वतः तोडली. मोळ्या बांधून अंगणात रचल्या. वावरात शेवटची मोळी बैलगाडीत टाकताना मारोतराव म्हणाला, “चौतीस.”

शोभाताईनं पश्चिमेच्या ओळीकडे पाहिलं. टोकाचं पस्तिसावं झाड अर्धं पिवळं, अर्धं हिरवं होतं. तिनं कुऱ्हाड खाली ठेवली.

“तो वरचा राहू द्या,” ती म्हणाली.